लेंड्या कमी झाल्या तेव्हा

भुऱ्या भाऊबीजेच्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी मेला. वय चार वर्षं, वजन २ किलो ९०० ग्रॅम. त्याला विषबाधा झाली नव्हती, कुठला संसर्ग नव्हता, तो कुठून पडलाही नव्हता. त्याचं पोट थांबलं होतं. पशुवैद्यक याला जीआय स्टेसिस म्हणतात. पाळीव सशांना घाईघाईनं दवाखान्यात आणायची वेळ येते, त्यामागच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक.

हा घटनाक्रम एका घराचा नाही. सशांच्या बाबतीत जी प्रकरणं पुन्हा पुन्हा घडतात, त्यांतून एक ससा, एक घर आणि एका दिवाळीच्या वेळा जुळवल्या आहेत. पोटात काय बिघडतं, कसं बिघडत जातं आणि कुठे अडवता येतं, ते मात्र जसं घडतं तसंच आहे.

आधीचे सहा आठवडे

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वाळलेल्या गवताचं पाकीट गणपतीत संपलं. नवं मागवायचं राहून गेलं. मग पेलेट्सची, म्हणजे विकतच्या दाणेदार खाद्याची, वाटी दिवसभर भरलेली राहू लागली. दुपारी गाजर, रात्री पोळीचा तुकडा. भुऱ्या सगळं आवडीनं खायचा, म्हणून तो ठणठणीत आहे असं घरात सगळ्यांना वाटत होतं.

सशाच्या आहारात ८० ते ८५ टक्के गवत लागतं. गवतातले लांब, न पचणारे तंतू आतड्याला सतत हलतं ठेवतात. दातही त्यावरच झिजतात. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. गाजर गोड आहे, ते चवीपुरतं. चित्रांच्या पुस्तकांतल्या सशाच्या हातात गाजर असतं आणि त्या एका चित्राची किंमत खऱ्या सशांनी फार मोजली आहे.

गणपतीच्या दहा दिवसांत त्या घरात रोज दूर्वांच्या जुड्या येत होत्या. दूर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी सशाला चालते. निर्माल्यात गेलेल्या जुड्यांतली एकही त्याच्यापुढे ठेवावी असं कुणाला सुचलं नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात त्याचे केस गळायला लागले. अंग चाटताना ते पोटात जात होते. त्यात वेगळं काही नव्हतं. निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच. आतडं चालू असलं, आत पाणी पुरेसं असलं, की ते लेंड्यांबरोबर बाहेर पडतात.

वसुबारसेला आईला त्याच्या पार्श्वभागाला मऊ, चिकट विष्ठा लागलेली दिसली. तिनं ओल्या फडक्यानं पुसून काढली. पिंजऱ्याच्या तळाशीही तसलेच काळपट पुंजके चिरडून पडले होते. "जुलाब झालेत वाटतं," ती म्हणाली आणि त्या दिवशी कोथिंबीर बंद केली.

ते जुलाब नव्हते. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक आपल्या ओळखीच्या कोरड्या लेंड्या. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या बारक्या घडासारखी. ती तो बाहेर पडता पडताच तोंडानं उचलून गिळतो. तिच्यात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं असतात. ती आपल्याला सहसा दिसतच नाही. दिसायला लागली, तर पिष्टमय आणि गोड खाणं जास्त झालं आहे, किंवा ससा इतका लठ्ठ झाला आहे की त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. भुऱ्याच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. त्याच्या अंगकाठीला सव्वादोन किलो वजन पुरेसं होतं.

लक्ष्मीपूजन, पहाटे ५.१०

सोसायटीच्या फाटकाजवळ पहिली माळ लागली. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. भुऱ्यानं मागचा पाय जमिनीवर दोनदा आपटला. रानातला ससा धोका दिसला की असाच पाय आपटून बाकीच्यांना सावध करतो. घरात अभ्यंगस्नानाची गडबड चालू होती.

सकाळी ७.३०

पिंजरा साफ करणं हे मुलीचं काम. ती आठवीत आहे. सणाचा दिवस म्हणून आज ते आईनं केलं.

मुलीनं केलं असतं, तर तिला फरक दिसला असता. निरोगी सशाची लेंडी गोल असते, मोठ्या वाटाण्याएवढी, रंगानं पिवळसर तपकिरी. बोटांत दाबली की तिचा भुगा होतो आणि आत गवताचे तुकडे दिसतात. दिवसाला अशा शंभर ते तीनशे लेंड्या पडतात. त्या सकाळच्या लेंड्या मिऱ्याएवढ्या होत्या, काळ्या आणि टणक. चार-पाच लेंड्या एका केसात ओवल्यासारख्या लोंबत होत्या. सगळ्या मिळून चाळीसच्या आसपास.

आईनं त्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. पिंजरा लवकर साफ झाला, याचं तिला बरं वाटलं.

ही पहिली ठळक खूण. या वेळी भरपूर गवत, उथळ वाडग्यात पाणी, ओल्या पालेभाज्या आणि खोलीभर हिंडायची मोकळीक एवढ्यावर बहुतेक भागलं असतं. दवाखान्याची गरजही कदाचित पडली नसती.

सकाळी ११.१५

फराळाला पाहुणे आले. सहा वर्षांच्या भाच्यानं जाळीतून शंकरपाळी आत सरकवली. भुऱ्यानं ती उचलली. सगळे हसले. मग आणखी तीन, आणि थोडा चिवडा.

"बघ कसा खातोय! त्याचीही दिवाळी," आत्या म्हणाली.

मैदा, साखर, तूप. सशाला उलटी होत नाही. जठराच्या वरच्या तोंडाचा स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येऊ शकत नाही. ते खालीच जायला हवं. खाली, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, सीकम नावाची मोठी पिशवी असते. जठरापेक्षा कितीतरी मोठी. तिच्यातले जिवाणू गवताचे तंतू आंबवतात आणि त्यावर ससा जगतो. तिथे साखर आणि पीठ पोचलं की जिवाणूंचा समतोल ढळतो, वायू वाढतो. चार शंकरपाळ्यांनी ससा मरत नाही. पण भुऱ्याचं आतडं सहा आठवडे आधीच मंदावत आलं होतं.

दुपारी २.३०

पाण्याची बाटली पिंजऱ्याला उलटी टांगलेली होती. आदल्या संध्याकाळपासून तिच्यातलं चाळीस मिलिलिटर पाणी कमी झालं होतं. सशाला दिवसाला किलोमागे निदान ५० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे भुऱ्याला दीडशेच्या जवळपास. बाटलीच्या नळीतली गोळी अडकत होती, म्हणून जिभेला थेंब थेंबच मिळत होता. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली बघून कुणी तिला हात लावला नाही.

शरीराला पाणी कमी पडलं की ते आतड्यातून ओढून घेतलं जातं. जठरातला गवत-केसांचा ओला लगदा घट्ट होऊ लागतो. पूर्वी पशुवैद्यक असा गोळा पाहून म्हणायचे की केसांमुळे पोट अडलं. आता उलट मानतात: पोट थांबतं, पाणी आटतं, म्हणून केसांचा गोळा घट्ट होतो.

संध्याकाळी ५.३०

भुऱ्यानं पेलेट्सचे सात-आठ दाणे खाल्ले. त्याचं हे शेवटचं खाणं.

संध्याकाळी ७.०५

पूजा आटोपली. खालच्या मजल्यावरच्या मुलांनी पार्किंगमध्ये पहिला सुतळी बॉम्ब लावला. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीच्या रात्री फटाक्यांसाठी आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. त्या सोसायटीत सातलाच सुरुवात झाली आणि शेवटचा आवाज पावणेबाराला आला.

मुलीनं भुऱ्याला पिंजऱ्यातून सोडलं होतं. तो सोफ्यामागे, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिनं ओंजळ पुढे केली, नावानं हाक मारली. तो हलला नाही. तिनं बाल्कनीचं दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी त्याच्यासाठी कुणी केलेली ही एकमेव योग्य गोष्ट.

ससा हा शिकार होणारा प्राणी. भीती वाटली की त्याचं शरीर पळण्याची तयारी करतं: हृदय वेगानं धावतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पोटाकडचं काम थांबवलं जातं. धोका काही मिनिटांत टळला तर आतडं पुन्हा सुरू होतं. इथे धोका पावणेपाच तास टळला नाही.

रात्री १०.४०

मुलीनं सोफ्याखाली कोथिंबिरीची काडी सरकवली. एरवी पिशवीचा आवाज आला तरी तो पळत येतो. त्यानं काडी हुंगली आणि तोंड फिरवलं.

"आई, भुऱ्या कोथिंबीर खात नाहीये."

"घाबरलाय गं. सकाळी खाईल."

माणसाच्या किंवा कुत्र्याच्या बाबतीत हे उत्तर चुकीचं ठरलं नसतं. एका रात्रीच्या उपाशी पोटानं त्यांचं काही बिघडत नाही. सशाचं पोट रिकामं राहण्यासाठी बनलेलंच नाही. त्यानं जिवापाड आवडणारी गोष्ट नाकारली, की त्या मिनिटापासून घड्याळ लावायचं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही, तर ती तातडीची वेळ. भुऱ्याला तोवर पाच तास होऊन गेले होते.

रात्री १.३०

घर झोपलं. भुऱ्या कोपऱ्यातच होता.

आत एक चक्र सुरू झालं होतं. आतडं हलत नाही म्हणून वायू साठतो. वायूनं आतडं ताणलं जातं, ते दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, पाणी पीत नाही. न खाल्ल्यानं आतडं आणखी मंदावतं. त्यातच लठ्ठ सशाचं शरीर उपाशी पडलं की साठवलेली चरबी एकदम रक्तात सोडतं. ती चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृत हळूहळू काम टाकून देतं. हे सगळं आवाज न होता घडतं. ससा विव्हळत नाही. रानात विव्हळणारा ससा आधी मारला जातो. घरात चार वर्षं राहिल्यानं ती सवय सुटत नाही.

पाडवा, सकाळी ६.५०

सोफ्यामागे एकही लेंडी नव्हती. पेलेट्सची वाटी काल होती तशीच. भुऱ्या पाठ वर काढून, पाय पोटाखाली घेऊन बसला होता. डोळे अर्धे मिटलेले.

बाबांनी वाकून पाहिलं. "रात्रभर झोपला नसेल बिचारा. झोपू दे."

शेवटचं खाऊन तेरा तास वीस मिनिटं झाली होती.

सकाळी ८.२०

आत्याचा फोन आला. तिच्या घरी मुलाच्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं औषध अर्धी बाटली शिल्लक होतं. "दोन थेंब दे त्याला, पोटाचं इन्फेक्शन असेल तर जाईल." आई क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "नको वन्सं, माणसांचं औषध नको."

हा निर्णय बरोबर होता. पेनिसिलिनच्या जातीची अँटिबायोटिक्स सशाला तोंडानं दिली की सीकममधले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषानं ससा दगावू शकतो. कुत्र्याला रोज दिलं जाणारं औषध सशाचा जीव घेऊ शकतं. घरात ससा असेल तर एवढी एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेवावी.

सकाळी ९.४५

बाबांनी जवळच्या दवाखान्यात फोन लावला. पाडव्याची सुट्टी. मदतनिसानं उचलला.

"ससा कालपासून खात नाहीये."

"फराळाचं काही दिलं होतं का?"

"हो, थोडं शंकरपाळं."

"मग पोट बिघडलंय. आज काही देऊ नका, उपाशी ठेवा. उद्या डॉक्टर आहेत, अकराला आणा."

मदतनिसानं टाळाटाळ केली नाही. ज्या कुत्र्या-मांजरांमध्ये तो रोज वावरतो, त्यांच्यासाठीचा सल्ला त्यानं दिला. कुत्र्याचं पोट बिघडलं की एक दिवस लंघन, हे त्यानं शेकडो वेळा ऐकलं असेल. सशाला लंघन करवत नाहीत; शस्त्रक्रियेच्या आधीसुद्धा त्याला कुत्र्यासारखं उपाशी ठेवत नाहीत. त्या फोनवर एकच प्रश्न हवा होता: शेवटची लेंडी कधी पडली?

बाबांनी वाटी उचलून ओट्यावर ठेवली. सोळा तास पंधरा मिनिटं.

या घटनाक्रमात सगळ्यात जास्त वेळ मला याच जागी थांबावंसं वाटतं. घरानं दुर्लक्ष केलं नव्हतं. फोन केला, विचारलं, सांगितलं तसं वागलं. पाडव्याच्या सकाळी पावणेदहाला भुऱ्याचं अंग अजून गरम होतं.

दुपारी १.२०

जेवणं चालू होती. मुलगी ताट घेऊन सोफ्याशेजारी जमिनीवर बसली होती. तिला कटकट असा आवाज आला, थांबून थांबून.

"बाबा, तो दात वाजवतोय."

"खूश असला की वाजवतो ना? तूच सांगितलं होतंस."

तिनं खरंच सांगितलं होतं. डोक्यावरून हात फिरवला की ससा दात हलकेच घासतो; तो आवाज बारीक असतो, हाताला जाणवतो तितका कानाला येत नाही. वेदनेनं दात खाल्ले की तो जोरानं, खडखडीत येतो आणि त्या वेळी ससा अंग आक्रसून बसलेला असतो. सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात: डोळे किती मिटलेत, गाल चपटे झालेत का, नाकपुड्यांचा आकार, मिशांची ठेवण, कानांची ठेवण. भुऱ्याचे डोळे मिटत आले होते, गाल बसले होते, कान मागे अंगाला चिकटले होते.

तो मधूनच उठायचा, दोन पावलं टाकायचा, पोट जमिनीला दाबून आडवा व्हायचा आणि पुन्हा उठायचा. एक जागा त्याला धरवत नव्हती.

दुपारी ४.००

मुलीनं त्याचे कान धरून पाहिले. गार होते. तिनं त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. त्यानं विरोध केला नाही. उचललेलं त्याला कधीच आवडायचं नाही. तो शांत बसला, तेव्हा आईला वाटलं, आता बरं वाटतंय.

संध्याकाळी ५.३५

मुलीनं मैत्रिणीला फोन केला. तिच्याकडे दोन ससे आहेत.

"शेवटच्या लेंड्या कधी केल्या त्यानं?"

मुलीला सांगता आलं नाही. तिनं आईला विचारलं. आईला काल सकाळचा वर्तमानपत्राचा कागद आठवला.

"कान गार आहेत? अगं, उद्यापर्यंत थांबू नका. आत्ता निघा."

लेंड्यांबद्दल त्या दोन दिवसांत प्रथमच कुणी विचारलं होतं. विचारणारी तेरा वर्षांची होती.

संध्याकाळी ५.५०

मैत्रिणीच्या आईनं एका डॉक्टरांचा नंबर दिला. सशांवर उपचार करणारे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिसऱ्यांदा लावल्यावर फोन लागला. डॉक्टरांनी सणाचा विषय काढला नाही. "मी दवाखाना उघडतो. बाटलीत कोमट पाणी भरा, फडक्यात गुंडाळा, त्याच्या शेजारी ठेवा. तोंडात काही घालू नका. पोट फुगलेलं असेल तर जबरदस्तीनं भरवलेलं अंगाशी येईल."

वाटी ओट्यावरून उतरवायचा प्रश्न आता राहिला नव्हता.

संध्याकाळी ६.२५

पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल, बाटली आणि भुऱ्या. रिक्षा मिळायला दहा मिनिटं गेली. पाडव्याच्या खरेदीनं लक्ष्मी रस्त्याकडचे सगळे रस्ते तुंबलेले. खोक्याची झाकणं मुलीनं हातानं मिटून धरली होती. डेक्कनच्या सिग्नलला एका दुकानापुढे हजारांची माळ लागली. खोक्यात हालचाल झाली नाही.

संध्याकाळी ७.४०

टेबलावर. शेवटचं खाऊन सव्वीस तास दहा मिनिटं.

तापमान ३६.१ अंश सेल्सियस. निरोगी सशाचं ३८.५ ते ४०. हृदयाचे ठोके मिनिटाला १३२. १८० ते ३०० असायला हवेत. हिरड्या फिक्या. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून डॉक्टर पूर्ण दोन मिनिटं ऐकत राहिले. आतड्याचा आवाज नव्हता.

शॉकमधलं कुत्र्याचं हृदय आधी धावतं. सशाचं मंदावतं, आणि त्याबरोबर अंग गार पडतं, रक्तदाब उतरतो. म्हणून गार ससा ही वाईट खबर असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३१६ पाळीव सशांच्या अभ्यासात, दाखल होताना अंग गार पडलेल्या सशांना मरणाचा धोका इतरांच्या तिप्पट आढळला, आणि तापमान एकेका अंशानं उतरलं की मरणाची शक्यता दुपटीनं वाढत गेली.

संध्याकाळी ७.५५

कानाच्या कडेच्या शिरेतून रक्ताचा थेंब. साखर २९८. निरोगी सशाची साधारण ७५ ते १५५ असते. वेदना आणि भीतीनं ती चढते. ३६०च्या वर गेली, तर आतडं कुठेतरी पूर्ण बंद झाल्याचा संशय बळावतो. मग नळी घालून जठर मोकळं करायचं किंवा पोट उघडायचं. भुऱ्या त्या रेषेच्या अलीकडे होता.

रात्री ८.१५

एक्स-रे. जठरात घट्ट लगदा आणि त्याभोवती वायूची काळी कड. सीकममध्ये वायू. जठर फुग्यासारखं गोल ताणलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ठरवलं: अडथळा नाही, आतडं थांबलंय. शस्त्रक्रिया नको. या अवस्थेत भूल त्याला झेपलीही नसती.

त्यांनी आई-बाबांना आतल्या खोलीत नेलं. "प्रयत्न करतो. पण तो खूप गार झालाय."

रात्री ८.३०

आधी ऊब. गरम हवेची नळी, खाली उबदार गादी. कानाची शीर आकसलेली, सुई तिसऱ्या प्रयत्नात बसली. कोमट सलाईन, थोडं थोडं. गार सशात पाणी भराभर ओतलं तर फुप्फुसांत साचतं. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन. शरीरात पाणी इतकं कमी असताना मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक मूत्रपिंडांना जड गेलं असतं, ते पुढे ढकललं. आतडं चालवणारं औषधही नंतर. आधी जिवंत राहणं.

रात्री ९.५०

घरच्यांना डॉक्टरांनी घरी पाठवलं. मुलीनं कोथिंबिरीची जुडी ठेवून जाऊ का, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ठेव.

रात्री ११.१५

तापमान ३७.२. ठोके १६४. भुऱ्यानं डोकं उचललं. डॉक्टरांनी पुन्हा पोट ऐकलं. एक बारीकसा आवाज, मग काही नाही. घरी फोन करून एवढंच सांगितलं की तापमान थोडं वर आलंय.

रात्री १२.५०

ठोके १४०. हिरड्या पुन्हा फिक्या. साखर उतरून ६१. यकृतानं आता साखर पुरवणं सोडलं होतं. सलाईनमध्ये ग्लुकोज.

पहाटे २.१०

ठोके ९६. डॉक्टरांनी ग्लायकोपायरोलेट दिलं. अनेक सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन मोडून टाकणारं विकर असतं, म्हणून हृदयाचा वेग वाढवायला हे दुसरं औषध वापरतात. ठोके ११० वर गेले. तिथे सात मिनिटं टिकले.

पहाटे २.४०

हृदय थांबलं. डॉक्टरांनी छातीवर दोन बोटांनी दाब देत चार मिनिटं प्रयत्न केला. मग वेळ लिहिली.

पहाटे २.५५

बाबांनी फोन पहिल्याच रिंगला उचलला. ऐकून घेतलं. मग विचारलं, शेवटी दुखलं का त्याला?

डॉक्टर म्हणाले, साडेआठनंतर बहुधा नाही.

"काल सकाळी आणला असता तर?"

डॉक्टर थोडे थांबले. "सकाळी सातला त्याचं अंग गरम असणार. पाणी कमी असणार, पोट थांबलेलं असणार. सलाईन, वेदनाशामक आणि मग सिरिंजनं भरवणं. त्या अवस्थेत आलेले बरेचसे ससे दोन-तीन दिवसांत घरी जातात."

बाबांनी विचारलं, त्याला न्यायला किती वाजता यायचं.

"आठनंतर कधीही या," डॉक्टर म्हणाले.